तुळजाबाईच्या उजव्या डोळ्यातलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. मला कुठल्या कारखान्यात घासलं नाही, मला कधी फ्रेम नव्हती, धोतराच्या सोग्यानं कुणी मला पुसलंही नाही. नागपुरातल्या तुळजाबाई नावाच्या बाईच्या उजव्या डोळ्यात मी साठ वर्षं राहिलो. आरशात पाहिलं तर बुबुळाच्या मधोमध काळा ठिपका दिसतो ना, तो ठिपका म्हणजे भोक आहे. खिडकीच म्हणा. त्या खिडकीच्या लगेच मागे मी टांगलेला होतो. तुमच्याही डोळ्यांत अशी दोन भिंगं आहेत. तुम्ही आत्ता जे वाचताय ते त्यांच्यातूनच आत चाललंय आणि ती आहेत हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. चांगल्या भिंगाची खूण तीच.

भिंगाला एवढं सगळं कसं ठाऊक, असं विचाराल. खरं सांगतो, अर्धं मला डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातून कळलं. उरलेलं, साठ वर्षं एकाच माणसाच्या डोक्यात मुक्काम केल्यावर कळणारच.

माझा जन्म तुळजाबाईच्या जन्माच्या आधीचा. ती आईच्या पोटात होती आणि केवढी, तर तांदळाच्या दाण्याएवढी. हातपाय म्हणजे नुसते कोंब. तिच्या मेंदूतून दोन फुगे बाहेर निघाले आणि कातडीला आतून जाऊन भिडले. ते भिडले त्या जागी कातडी जाड झाली. मग तिथे खळगा पडला, कणकेत अंगठा दाबल्यावर पडतो तसा. खळगा खोल होत गेला, त्याचं तोंड मिटलं आणि एक पोकळ गोळी कातडीपासून सुटून आत आली. ती गोळी म्हणजे मी. हाताच्या पाठीवर जी कातडी आहे तिच्याच जातीचा मी. ती कातडीच राहिली, मी आरपार झालो. याचं मला अजून नवल वाटतं.

पोकळ गोळीचं भिंग कसं झालं तेही ऐका. गोळीच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब लांब होत गेल्या आणि पुढच्या भिंतीला जाऊन टेकल्या. पोकळी भरली. पुढची भिंत मात्र तशीच एकपदरी राहिली आणि तिनं एक काम धरलं ते जन्मभर सोडलं नाही. तिच्या काठावर नवी पेशी तयार व्हायची, ती ताणून धाग्यासारखी लांब व्हायची आणि जुन्या धाग्यांवर जाऊन बसायची. त्याच्यावर दुसरी. त्याच्यावर तिसरी. विणकराच्या घरी कांडीवर सूत भरताना पाहिलंय कधी? तसंच. थरावर थर, थरावर थर. लहानपणी भराभर, म्हातारपणी सावकाश, पण थांबणं नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. कांडीवरचं सूत निघतं आणि कापडात जातं. माझ्यातून काहीच निघत नाही. कातडी झडते, नखं कापली जातात, रक्तसुद्धा जुनं जाऊन नवं येतं. माझ्यातला पहिला धागा मात्र जिथे बसला तिथेच बसला. तुळजाबाई दोन वर्षांची असताना तिची आई गेली. आईचा चेहरा तिला आठवत नाही. पण माझ्या गाभ्यातले धागे त्या आईनं खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीतून बनलेले होते. पुढे तुळजाबाईनं आयुष्यात जे जे पाहिलं, ते आधी त्या तेवढ्याशा गाभ्यातून गेलं आणि मग तिला पोचलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर बोलूच शकत नव्हतो.

पोटात असताना माझ्याभोवती रक्तवाहिन्यांची लाल जाळी होती. माझं जेवण त्यातून यायचं. पण लाल जाळीतून उजेड कसा जाणार? म्हणून जन्माच्या आधी ती जाळी विरून गेली. तेव्हापासून मला रक्ताचा एक थेंब नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी खेळत असतं, त्यातून जे मिळेल त्यावर मी जगलो.

आणि धाग्यांनी काय केलं माहितेय? प्रत्येक पेशीत एक संसार असतो. मधे केंद्रक असतं, तिथे सगळी माहिती ठेवलेली. आजूबाजूला बारकी बारकी यंत्रं, कुणी शक्ती बनवतं, कुणी मोडलेलं दुरुस्त करतं. माझ्या धाग्यांनी हा सगळा संसार मोडून टाकला. केंद्रकसुद्धा ठेवलं नाही. कारण उजेड वाटेतल्या प्रत्येक वस्तूला अडखळतो. मग त्यांच्यात उरलं काय, तर पाणी आणि दाट भरलेली प्रथिनं. इतकी दाट की शरीरात दुसरीकडे कुठे नाहीत. पण इतकी एकसारखी रचलेली की उजेडाला अडायला कारणच मिळत नाही. काही प्रथिनं तर राखणदाराचं काम करायची. शेजारचं एखादं वाकडं झालं, दुसऱ्याला चिकटायला निघालं, की हे राखणदार त्याला धरून ठेवायचे. नवे राखणदार येणार नव्हते. जन्माला आले तेवढेच, तेवढ्यांवरच सगळं निभवायचं.

असा मी तयार झालो. डाव्या डोळ्यात माझं जुळं भावंड होतं. आम्ही कधी भेटलो नाही, मधे नाक होतं. पण जे मी दाखवायचो तेच ते दाखवायचं.

तुळजाबाई लग्न होऊन लकडगंजच्या मागच्या विणकरांच्या गल्लीत आली. नवरा बाबनराव मागावर बसायचा, नागपुरी लुगडी विणायचा. तुळजाबाईचं काम सांधणीचं. मागावरचा उभा ताणा संपत आला की त्याची शेवटची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेका धाग्याला पीळ देऊन जोडतात. एका लुगड्याच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, तीन हजारांवर धागे, केसाहून बारीक. बोटाला चिमूटभर राख लावायची, दोन टोकं जवळ आणायची, अंगठ्यानं एक पीळ. झालं. दोन दिवस मान खाली. अख्ख्या गल्लीचे ताणे तुळजाबाई सांधायची. आणि तिची एक रीत होती. सांधायला कुणी नवीन हात आला, तर ती आधी त्याच्या हातात एक तुटका धागा द्यायची. "सांधून दाखव" म्हणायची. त्याशिवाय ताण्याला बोट लावू द्यायची नाही.

त्या कामात माझा जीव ओतलेला असायचा. मला चारी बाजूंनी बारीक दोऱ्यांनी बांधलेलं होतं आणि त्या दोऱ्यांभोवती स्नायूचं कडं. ती दूर पाहायची तेव्हा दोरे ताठ आणि मी चपटा. ती धाग्याकडे पाहायची तेव्हा कडं आवळायचं, दोरे ढिले पडायचे आणि मी फुगून गोल व्हायचो. दिवसातून हजारो वेळा. गल्लीत सकाळी ताण्याला खळ लावायचं काम चालायचं तेव्हा नागपूरचं ऊन डोळ्यांत शिरायचं. त्यातला जाळणारा भाग मी स्वतःवर घ्यायचो, आत जाऊ द्यायचो नाही. माझी तारीफ कुणी केली नाही. लोक म्हणायचे, तुळजाबाईचा हात काय हात आहे.

पन्नाशीला मी कडक झालो. थरावर थर चढून अंग भरलं होतं, आता गोल होता येईना. ज्या वर्षी देश स्वतंत्र होऊन तिरंगा लागला त्या वर्षी बाबनरावनं सीताबर्डीवरून तिला चाळिशी आणून दिली. नाकावर चाळिशी आणि पुढ्यात ताणा, असं आणखी पाच-सहा वर्षं चाललं.

आणि मग एक दिवस चमत्कार झाला. तुळजाबाई चाळिशी घालायची विसरली आणि तिला धागा दिसला. स्पष्ट. एकेक तंतू.

"अवो, इकडे या जी," तिनं बाबनरावला हाक मारली. "मले बिनचष्म्यानं दिसून राहिलं."

"वय उलटं चाललं का तुहं?" बाबनराव म्हणाला. "आता पुढच्या साली बाहुल्या खेळशीन."

गल्लीत बातमी गेली. शेजारची रुख्माबाई आली, तिनं तुळजाबाईला सुई ओवायला लावली, स्वतः तीनदा चुकली आणि म्हणाली, "माय वं. कोन्या देवाले नवस केला होता?" तुळजाबाई इतकी खुश झाली की तिनं चाळिशी रुख्माबाईलाच देऊन टाकली.

मित्रांनो, मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं होतं. तो चमत्कार नव्हता. माझा गाभा घट्ट झाला होता, त्यामुळे उजेड जास्त वाकत होता, म्हणून जवळचं दिसायला लागलं. ती माझ्या म्हातारपणाची पहिली पायरी होती. राखणदार थकले होते. प्रथिनं एकमेकांना चिकटायला लागली होती. अंड्यातला पांढरा बलक कच्चा असतो तेव्हा आरपार असतो आणि तव्यावर पडला की पांढरा होतो. परत कच्चा करता येतो का? माझं तेच चाललं होतं, फक्त तव्यावर पाच मिनिटांत होतं ते माझ्यात पाच-सहा वर्षांत. यात कुणाची चूक नाही. पण ज्या दिवशी डॉक्टरकडे जायला हवं होतं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले.

वर्षभरात जवळचंही धुरकट झालं. तुळजाबाईनं कुणाला सांगितलं नाही. आणि कुणाला कळलंही नाही, कारण तिची बोटं सांधत होती. धागा कुठे आहे, किती पीळ बसला, कुठला जाड कुठला बारीक, बोटांना सगळं ठाऊक. मी पांढरा होत चाललो आणि बोटं माझ्यावर पांघरूण घालत होती.

एक गोष्ट मात्र बोटांना कळत नाही. रंग.

लुगड्याच्या किनारीत काळ्या धाग्यांशेजारी गडद निळ्या धाग्यांची पट्टी होती. मी पिवळा पडलो होतो, जुन्या तुपासारखा. पिवळ्या भिंगातून निळा उजेड जातच नाही. तिच्यासाठी निळं आणि काळं एक झालं होतं. तिनं निळ्याला काळा सांधला, काळ्याला निळा. तिला वाटलं, काम नेहमीसारखंच झालं.

बाबनराव मागावर बसला. आडवं सूत नेणारा धोटा खडखड चालला आणि वीतभर कापड झाल्यावर थांबला. बराच वेळ थांबला.

"काहून थांबले जी?" तुळजाबाईनं आतून विचारलं.

"पान खाऊन राहिलो."

तिनं कान दिला. पान खाणाऱ्या माणसाच्या हातून धागे तुटण्याचा आवाज येत नाही. तो एकेक धागा तोडून पुन्हा सांधत होता. तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि त्यानं तिच्या सांधणीला कधी हात लावला नव्हता. ती चुलीपुढे बसून राहिली. डोळ्यात पाणी साठलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

मग सुईवाल्याचं नाव निघालं. कन्हानला नदीकाठी झाडाखाली बसतो, मोत्या, म्हणजे मोतीबिंदू, काढतो, दोन मिनिटांचं काम, असं रुख्माबाईनं ऐकलं होतं. बाबनराव नाही म्हणत होता, पण तुळजाबाई गेलीच. सुईवाला म्हणाला, "माय, अशे हजार डोये मी उघडले." डावा डोळा जास्त पांढरा होता म्हणून त्यानं डावा धरला. एक सुई बाजूनं आत घातली आणि माझ्या भावंडाला ढकललं. नुसतं ढकललं. त्याचे दोरे तुटले आणि ते डोळ्याच्या तळाशी जाऊन पडलं. खिडकी मोकळी झाली. सुईवाल्यानं तिच्यापुढे बोटं धरली.

"किती?"

"तीन," तुळजाबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. "तीन हायेत वं रुख्मा. तीन."

ते खोटं नव्हतं. तिला दिसलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त वाईट. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, आठव्या दिवशी ठणक थांबेना आणि महिन्याभरात डावीकडचा उजेड कायमचा गेला. सुईवाला तोवर दुसऱ्या गावी पोचला होता. माझं भावंड अंधारात खाली पडून राहिलं. पन्नास-साठ वर्षं ज्यानं उजेड वाहिला, त्याच्यावर ही पाळी आली.

आता उरलो मी एकटा. तुळजाबाईनं ठरवलं, या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. दोन वर्षं ती तशीच बसली. आधी सावल्या दिसायच्या, मग नुसतं दार उघडं आहे की बंद एवढंच. बाबनराव स्वतःच ताणे सांधायचा, वाईट सांधायचा, ती बोटांनी चाचपून म्हणायची, "हे पीळ हाये का शेपूट?" गल्लीतले ताणे दुसरीकडे जायला लागले. ती म्हणायची, मले काय कराचं. पण दुपारी एकटी असली की मांडीवर दोन सुताची टोकं घेऊन सांधायची, सोडायची, सांधायची.

एक दिवस बाबनराव म्हणाला, "चाल, मोठ्या दवाखान्यात जाऊन येऊ. फक्त विचारून येऊ."

"त्या कन्हानवाल्यानंबी फक्त पाहतो म्हणलं होतं."

"मी तुह्या बाजूले बसतो. कोनं सुई काढली तं आपण उठू."

दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईचं नाव उत्तरा. तिशीतली असेल. तिनं तुळजाबाईला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली आणि उजेडाची एक बारीक चीर माझ्यावर सोडली. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यातून न पाहता माझ्याकडे पाहत होतं.

"मोतीबिंदू पूर्ण पिकलाय," ती म्हणाली. "काढावा लागेल."

"ढकलान का काढान?" तुळजाबाईनं विचारलं.

"काढणार. अख्खा बाहेर. ढकललेला आतच राहतो आणि आत राहून डोळा नासवतो. तुमच्या डाव्या डोळ्याचं तेच झालंय."

तुळजाबाई म्हणाली, "त्यात असते काय पण? पाणी जमते का?"

"पाणी नाही. भिंग आहे. धाग्यांचं." उत्तराबाईनं स्टूल पुढे ओढलं. "जन्माच्या आधीपासून एकावर एक धागे गुंडाळत जातात. कांडीसारखे. आतले सगळ्यात जुने, तुम्ही आईच्या पोटात होता तेव्हाचे. ते अजून आहेत तिथे."

"मायच्या पोटातले?"

"हो. ते कधी बदलत नाहीत."

तुळजाबाईचा हात आपोआप डोळ्यापाशी गेला. मी साठ वर्षं जे सांगू शकलो नाही, ते या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

आणि मग तुळजाबाईनं जे विचारलं ते कुठल्याच रोग्यानं उत्तराबाईला विचारलं नसेल. "मंग बाई, इतके धागे हायेत तं त्यांची सांध कोठी हाये?"

उत्तराबाईनं स्टूल आणखी पुढे ओढलं. "काय म्हणालात?"

"धागा हाये म्हणजे टोक आलं. टोकाले टोक कोठी भेटते?"

"भेटतं," उत्तराबाई हळू म्हणाली. "एकही धागा पुढच्या मध्यापासून मागच्या मध्यापर्यंत पुरत नाही. सगळे तोकडे. म्हणून ते तीन रेघांवर एकमेकांना भेटतात. पुढून तीन रेघा, मागून तीन, पण मागच्या उलट्या धरलेल्या. जो धागा पुढे मधोमध पोचतो तो मागे मध्यापर्यंत जात नाही. जो मागे पोचतो तो पुढे कमी पडतो. चांगल्या डोळ्यात मला या यंत्रातून त्या रेघा दिसतात. जवळजवळ रोज पाहते. सांध कुठे आहे असं मात्र मी कधी म्हटलं नव्हतं."

"आन त्या सांधीतून दिसते?"

"साठ वर्षं दिसलं की तुम्हाला."

"मंग ज्यानं सांधलं त्याले काम येत होतं," तुळजाबाई म्हणाली.

बाबनरावला वाटलं, आता झालं, हो म्हणेल. पण तुळजाबाईनं कमरेचा बटवा काढला, त्यातून सुताचं एक टोक काढलं, मधोमध तोडलं आणि दोन्ही तुकडे उत्तराबाईपुढे धरले.

"सांधून दाखवा."

"अवं, डॉक्टरीण हाये ते," बाबनराव शरमला. "ताणा सांधाले आली का?"

"डोया माहा हाये. एकच हाये."

उत्तराबाईनं धागे घेतले. बाहेर पंचवीस रोगी बसले होते. तिनं दोन टोकं जवळ आणली आणि पीळ दिला. तुळजाबाईनं ओढून पाहिलं, सुटला. दुसऱ्यांदा दिला. सुटला. तुळजाबाईनं बटव्यातली राख तिच्या बोटाला लावली. तिसऱ्यांदा सुटला.

"मला हे येत नाही, तुळजाबाई," उत्तराबाई म्हणाली. "मला दुसरं काम येतं. आणि ऐका, त्या कामातही शंभरातले काही डोळे बिघडतात. तुमचा बिघडणारच नाही असं मी म्हणणार नाही. नाही केलं तर मात्र आहे हा अंधार असाच राहील, एवढं नक्की."

तुळजाबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला. एकेक बोट चाचपलं, अंगठा दाबून पाहिला, मनगट काही वेळ नुसतं धरून ठेवलं.

"थरथरत नाई," ती बाबनरावला म्हणाली. "आन येत नाई तं येत नाई म्हणते. त्या कन्हानवाल्याले सगळंच येत होतं." मग उत्तराबाईकडे तोंड करून म्हणाली, "काढा."

तो माझा शेवटचा दिवस. थेंब घातले, सुई टोचली, डोळा बधिर झाला, पण ती जागीच होती. बुबुळाच्या वरच्या कडेला पात्यानं चंद्रकोरीसारखा छेद घेतला. एक चिमटा आत आला आणि त्यानं माझ्याभोवतीची पातळ पिशवी धरली. ज्या दोऱ्यांनी मला जन्मभर मधोमध टांगून ठेवलं होतं ते एकेक करून तुटले. मला दुखलं नाही. मला एवढंच वाटत होतं की ही बाई मला फाडेल, मी आत सांडेन, आणि तुळजाबाईचा एकुलता डोळा जाईल. पण तो हात खरंच थरथरत नव्हता. मी अख्खा, सांधीसकट, थरांसकट बाहेर घसरलो. आणि माझ्यामागे, कित्येक वर्षांनी, उजेड सरळ आत गेला.

नंतर आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. बाबनराव खाटेशेजारी जमिनीवर बसून राहायचा.

"खोकलू नको."

"तुमीच खोकलून राहिले सकाळपासून."

"माह्या डोयाले टाके नाई."

"हासवू नका जी. बाई मना करून गेली."

तिला दिसेल की नाही हे त्या आठ दिवसांत कुणालाच माहीत नव्हतं. उत्तराबाईलाही नाही. मी एका छोट्या बाटलीत औषधाच्या पाण्यात पडून होतो, टेबलावर.

नवव्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. तुळजाबाईनं डोळा उघडला. "पांढरं पांढरं हाये," ती म्हणाली. "वितळल्यावानी." बाबनराव उभा राहिला होता तो खाली बसला. पण उत्तराबाईनं पेटीतून एक जाडजूड काच काढली, बाटलीच्या बुडासारखी, आणि तिच्या डोळ्यापुढे धरली.

तुळजाबाईनं बाबनरावकडे पाहिलं. खूप वेळ.

"किती पिकले जी तुमी," ती म्हणाली. "सगळेच केस."

बाबनराव उपरण्यानं तोंड पुसत राहिला.

मग तिनं चादरीकडे पाहिलं. बोटांनी ती उचलून काचेजवळ आणली. "हे चादरीले नीळ एवढी काहून घातली?"

"नेहमीचीच आहे," उत्तराबाई हसली. "तुम्हाला निळं दिसायला लागलंय. जुनं भिंग निळं अडवत होतं."

मित्रांनो, हे ऐकून मी जागच्या जागी थिजलो. मी आयुष्यभर उजेड वाहिला असं मला वाटत होतं. वाहता वाहता मी त्यातला एक रंग कधी काढून घ्यायला लागलो, ते मलाच कळलं नव्हतं. इतकं हळूहळू झालं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमची भिंगं आत्ता नितळ आहेत, पण ती एकदाच मिळतात आणि त्यांतला जुना धागा कधी बदलून मिळत नाही. भर उन्हात फिरताना डोक्यावर काहीतरी घ्या. ग्रहण असलं तरी आणि नसलं तरी सूर्याकडे टक लावू नका. डोळ्यांत कुणी सांगेल ते मध, रस, अंजन घालू देऊ नका. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस एक दिवस म्हणालं, की मला बिनचष्म्याचं दिसायला लागलं, तर आनंद जरूर करा, पण त्याच आठवड्यात त्याचा हात धरून डॉक्टरकडे न्या. ढकलणाऱ्याकडे नको. ज्याला न येणारी गोष्ट येत नाही म्हणता येते, अशा माणसाकडे न्या.

त्या दिवशी उत्तराबाईनं माझी बाटलीही तिला दाखवली. तुळजाबाईनं मला काचेपुढे धरलं. भिजलेल्या वाटाण्याएवढा, गुळाच्या खड्यासारखा तपकिरी. त्यात मधोमध तिच्या आईच्या वेळचे धागे होते. तिनं बाटली हळू फिरवली, कुठे तीन रेघा दिसतात का पाहिलं. दिसल्या नाहीत, मी फार गढूळ झालो होतो.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच," उत्तराबाई म्हणाली.

तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. तुळजाबाईनं काच हातात घेऊन मान वळवली. खाली रस्ता होता. एका बाईनं भिंतीवर लुगडं वाळत घातलं होतं, त्याची किनार वाऱ्यानं हलत होती. वर जानेवारीचं आभाळ. ती पाहत राहिली. बाटली बाबनरावच्या हातात कधी दिली हेही तिला कळलं नसावं.

ती माझ्याकडे पुन्हा वळली नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. साठ वर्षांत तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माझ्यातून पाहिलं होतं.